फुलांची नाणी आणि आजीचा प्रश्न

नाण्यावर फूल असावं ही तशी गमतीची गोष्ट आहे. फूल संध्याकाळपर्यंत मान टाकतं. नाणं टिकावं म्हणूनच धातूचं करतात. तरी ऑस्ट्रियाच्या दोन सेंटांवर एडेलवाइस आहे, जपानच्या शंभर येनवर चेरीचा बहर आहे. सिंगापूरच्या १९८५च्या मालिकेतल्या एक डॉलरवर तर चक्क सदाफुली आहे. तीच, जी चाकूरला कुणाच्याही अंगणात फारसं पाणी न घालता वर्षभर फुलते.

मी अशी नाणी जमवतो. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो; ऑनसाइटहून परतणारे मित्र खिशात उरलेली चिल्लर माझ्या टेबलावर ठेवतात. नाण्यांसाठी एक डबा आहे आणि नोंदीसाठी एक्सेलची शीट. तिच्यात देश, साल, फूल, कुणी दिलं, असे रकाने आहेत. किमतीचा रकाना नाही. गावी मात्र पहिला प्रश्न तोच असतो : "किती येतील ह्याचे?"

हा प्रश्न कुठून येतो ते तुम्हालाही माहीत आहे. 'जुनं नाणं द्या, लाखो रुपये घ्या' ही जाहिरात तुमच्याही फोनवर येऊन गेली असेल. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी तिथला नंबर फिरवला. समोरच्याने आधी नोंदणीचे, मग कराचे म्हणून पैसे मागितले. नाणं घरातच राहिलं, पैसे गेले. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये अशा फसवणुकीपासून सावध राहायला सांगितलं होतं. तो इशारा आमच्या गल्लीत पोचला नाही, जाहिरात पोचली. काकांना लोभी म्हणणं सोपं आहे. पण ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, त्याने डब्यातल्या नाण्याकडे आशेने बघितलं तर त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे?

आजीचा प्रश्न याहून अवघड आहे. "पैसा फिरायला असतोय. तू डब्यात कोंडून काय करायलास?"

मला यात खरा नैतिक पेच दिसतो. जी वस्तू या हातातून त्या हातात जाण्यासाठीच घडवली, ती अडवून ठेवायचा मला काय अधिकार?

आपल्याकडे याचं एक उत्तर दसऱ्याला वाटलं जातं. गोष्ट शाळेत ऐकलेली असते : कौत्साला गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी सुवर्णमुद्रा हव्या होत्या, रघुराजाचा खजिना रिकामा होता, म्हणून कुबेराने आपट्याच्या झाडावर मुद्रांचा पाऊस पाडला. आपल्याला पाऊस लक्षात राहतो. पण गोष्टीचा जीव पुढे आहे. कौत्साने मोजून चौदा कोटी घेतल्या, उरलेल्या नको म्हणाला. राजाही म्हणाला, माझ्या नाहीत. शेवटी त्या लोकांनी लुटल्या. म्हणून आपट्याचं पान आपण देतो तेव्हाच ते 'सोनं' असतं. साठवून ठेवलं तर आठवड्यात पाचोळा.

हाँगकाँगच्या नाण्यांवर १९९३पासून राणीचा चेहरा जाऊन जे फूल आलं, ते आपट्याच्या आणि कांचनाच्या नात्यातलं आहे. पानही तसंच, मधून दुभंगलेलं. या संकरित झाडाला बी धरत नाही. कुणीतरी फांदी कापून लावली, कलम केलं, तरच ते पुढे वाढतं. म्हणजे हे झाडही माणसांच्या हातूनच पुढे जातं. इथे आजी जिंकते.

पण माझ्याकडे भारताचंही एक नाणं आहे. १९६८ ते १९७१ या काळातल्या वीस पैशांवर कमळ होतं. १९७०च्या एका नाण्यात त्या कमळासोबत सूर्य आहे आणि 'सर्वांसाठी अन्न' अशा अर्थाचे शब्द. त्यानंतर दोनच वर्षांनी १९७२चा दुष्काळ पडला. आजी तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. मी तिला ते नाणं दाखवलं. ती म्हणाली, "लई असायचे हे. फूल होतं व्हय यावर?"

मला वाटतं, पेचाची दुसरी बाजू इथे आहे. जो हात नाणं वापरतो, त्याला ते बघायला उसंत नसते. मी बघू शकतो, कारण माझं पोट भरलेलं आहे. ही माझी हुशारी नव्हे, सवड आहे. आणि तिच्या खडी फोडण्यातूनच ती माझ्यापर्यंत आली आहे. मग त्या सवडीचं देणं असं की निदान नीट बघावं. ज्या नाण्यावर सगळ्यांना अन्न देऊ म्हटलं होतं, तेच नाणं रिकाम्या पोटांच्या हातातून फिरलं, हे कुणीतरी लक्षात ठेवायला हवं. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११पासून चलनातून बाद झाली. ते कमळ आता डब्यात राहिलं म्हणून कुणाचा व्यवहार अडत नाही.

जे चलनात आहे त्याला मात्र कौत्साचा नियम लावतो : एका प्रकारचं एकच. जास्तीची परदेशी नाणी दसऱ्याला आपट्याच्या पानाबरोबर गल्लीतल्या पोरांना देतो. काही पोरं फूल कुठलं ते विचारतात. काही लगेच विचारतात, किती येतील? मी सांगतो, फार नाही. तरीही त्यातलं एखादं पोर ते मुठीत घट्ट धरून घरी पळतं.