राहण्याचा परवाना



आपल्या धर्मग्रामाच्या कार्यालयात दाखले मागायला येणारे पूर्वी मुख्यतः दोन प्रकारचे असत. शाळाप्रवेशासाठी मुलाच्या बाप्तिस्म्याचा दाखला हवा असलेले पालक आणि लग्न ठरलेले तरुण-तरुणी. अलीकडे तिसरा वर्ग वाढला आहे. साठी ओलांडलेली जोडपी येतात आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या स्वतःच्या लग्नाचा दाखला मागतात. मुलगा कॅनडात, मुलगी ऑस्ट्रेलियात. त्यांच्याजवळ राहायला जायचे तर आपण नवराबायको आहोत, अमुक मुलाचे आईबाप आहोत, हे कागदावर सिद्ध करावे लागते. नोंदवहीत नावाचे एक स्पेलिंग, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरे आणि पासपोर्टवर तिसरे असले की धावपळ आणखी वाढते.

ही धावपळ कागदांची आहे, पण तिच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. आज त्यावर थोडा विचार करू या.

प्रत्येक देशाचा अर्ज वेगळा असतो. कॅनडाने डिसेंबर २०११ मध्ये आईवडील व आजीआजोबांसाठी 'सुपर व्हिसा' सुरू केला. तो दहा वर्षांपर्यंत चालतो आणि जुलै २०२२ पासून त्यावर एका खेपेस पाच वर्षांपर्यंत राहता येते. पण मुलाचे उत्पन्न ठरावीक रेषेच्या वर असावे लागते, आईवडिलांची वैद्यकीय तपासणी होते आणि निदान १,००,००० कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा काढावा लागतो. ऑस्ट्रेलियात अपत्यांची मोजणी होते. निदान निम्मी अपत्ये तिथे कायमची राहणारी हवीत, किंवा इतर कोणत्याही एका देशापेक्षा तिथे अधिक हवीत. ज्या माउलीची एक मुलगी सिडनीत आणि तीन मुले नवी मुंबईत, तिला तो कायमचा व्हिसा मिळत नाही. साध्या अर्जाची रांग तीस वर्षांहून लांब असल्याचे तिथले सरकारच सांगते. म्हणजे पासष्टाव्या वर्षी अर्ज करणाऱ्याचा नंबर पंच्याण्णवीनंतर लागायचा! लवकर जायचे तर माणशी ४८,००० ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास रक्कम भरण्याचा दुसरा मार्ग आहे. तिथेही रांग आहेच.

ब्रिटनमध्ये स्वतःच्या उत्पन्नावर जगू शकणाऱ्या निवृत्तांसाठी एक वेगळा वर्ग होता. तो २००८ मध्ये नव्या अर्जदारांना बंद झाला. ९ जुलै २०१२ पासून तिथल्या मुलाकडे कायमचे राहायला जाऊ इच्छिणाऱ्या आईला सिद्ध करावे लागते की वयामुळे, आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे तिला रोजची कामेही दुसऱ्याच्या मदतीशिवाय जमत नाहीत, आणि मुलाने पैसे पाठवूनही तशी देखभाल तिला मायदेशी मिळू शकत नाही. म्हणजे धडधाकट आईला परवानगी नाही, आणि जिला मिळेल तिची प्रकृती विमानप्रवास सोसेल की नाही याची शंका.

आखाती देशांत गेलेल्या आपल्या लोकांचा अनुभव आणखी निराळा. तिथे राहण्याची परवानगी सर्वसाधारणपणे नोकरीला बांधलेली असते. तीस वर्षे काढली, मुले तिथेच वाढली, तरी नोकरी संपली की गाशा गुंडाळायचा. संयुक्त अरब अमिरातीने २०१८ मध्ये पंचावन्न वर्षांवरील निवृत्तांसाठी पाच वर्षांचा व्हिसा मंजूर केला, पण तो मालमत्ता, शिल्लक किंवा मासिक उत्पन्न पाहून मिळतो. थायलंड तर पन्नाशी ओलांडलेल्या निवृत्ताला बँकेत ८,००,००० बाट किंवा दरमहा ६५,००० बाटचे उत्पन्न दाखवायला सांगतो.

आपण भारतीयांनीही फार बोलू नये. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे संपते. वसईत जन्मलेला, उमेदीची वर्षे परदेशात काढलेला आणि तिथला नागरिक झालेला माणूस म्हातारपणी परत आला, तर त्याला आपल्याच गावात राहण्यासाठी ओसीआय कार्ड काढावे लागते. ही सोय २००५ मध्ये झालेल्या कायदादुरुस्तीमुळे मिळाली. त्या कार्डावर तो आयुष्यभर इथे राहू शकतो, पण मत देऊ शकत नाही आणि शेतजमीन विकत घेऊ शकत नाही. आजोबांनी शिंपलेल्या वाडीशेजारची वाडी घ्यायची झाली तर तो परका.

हे सारे अर्ज एकत्र ठेवून वाचले तर त्यांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारलेला दिसतो: तुमचा भार कोणावर पडणार?

हा प्रश्न विचारणे अन्यायाचे आहे का? घाईने हो म्हणता येणार नाही. रुग्णालये आणि वृद्धांच्या सोयी तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षे भरलेल्या करांतून उभ्या राहतात. त्यांत कोणाला आणि किती जणांना सामावून घेता येईल याचा हिशेब राज्यकर्त्यांना करावाच लागतो. जर्मन तत्त्ववेत्ता इमॅन्युएल कांट याने १७९५ मध्ये शाश्वत शांततेवर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यात तो दोन गोष्टी वेगळ्या करतो. पृथ्वी गोल आहे, माणसे तिच्यावर अमर्याद पांगू शकत नाहीत, शेवटी त्यांना एकमेकांचा शेजार सोसावाच लागतो. म्हणून परक्या भूमीवर पाऊल ठेवणाऱ्याला शत्रूसारखे न वागवले जाण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण तिथे कायम राहण्याचा हक्क त्यातून आपोआप निघत नाही, त्यासाठी वेगळा करार लागतो. ख्रिस्तसभेची शिकवणही जवळपास अशीच दोन्ही बाजू सांभाळते. सुस्थितीतील राष्ट्रांनी शक्य तितके परक्यांना सामावून घ्यावे, आणि सर्वांच्या हितासाठी शासनाने त्यावर अटी घातल्या तर येणाऱ्याने त्या पाळाव्यात.

तेव्हा सरकारी खिडकीवर हा प्रश्न विचारला गेला तर मी त्याला एकदम पाप म्हणणार नाही. मात्र अट न्याय्य आहे की नाही, हे तपासण्याचा आपला हक्क उरतोच. जी अट आईला आधी अंथरुणाला खिळायला लावते आणि मग दार उघडते, ती मला न्याय्य वाटत नाही. आणि मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. खिडकीवरचा हा प्रश्न हळूहळू आपल्या घरात शिरतो. अर्ज भरता भरता म्हातारा माणूस स्वतःकडे त्याच नजरेने पाहू लागतो. 'मी कशाला भार होऊ?' हे वाक्य मी आजाऱ्यांना भेटी देताना पुष्कळदा ऐकतो, आणि ते परदेशी जाणाऱ्यांकडूनच ऐकतो असे नाही. नेरूळमध्ये मुलाच्याच घरात राहणारे आजोबाही तेच म्हणतात. आईवडिलांना निर्वाह आणि निवारा मिळावा म्हणून २००७ मध्ये आपल्या देशाला कायदा करावा लागला, त्यासाठी न्यायाधिकरणे नेमावी लागली. म्हणजे राहण्याच्या परवान्याचा प्रश्न सातासमुद्रापलीकडचाच नाही.

इथे मला ग्रीक तत्त्वज्ञानातील एक म्हातारा आठवतो. प्लेटोचा 'रिपब्लिक' हा न्यायावरचा ग्रंथ सुरू होतो तो केफालस नावाच्या वृद्धाच्या घरी. हा केफालस मूळचा सिसिलीतील सिराक्यूजचा. पेरिक्लीसच्या सांगण्यावरून तो अथेन्सला आला आणि तीस वर्षे तिथे राहिला, पण नागरिक झाला नाही. अथेन्समध्ये अशा रहिवासी परदेशीयाला एका नागरिकाचा आधार दाखवावा लागे आणि पुरुषाला वर्षाला १२ द्राक्मा कर भरावा लागे. आजच्या भाषेत स्पॉन्सर आणि फी! केफालस श्रीमंत होता. तो सॉक्रेटिसला सांगतो की म्हातारपण सोपे की अवघड हे माणसाच्या स्वभावावर ठरते, आणि पैशाचा मोठा उपयोग हा की कोणाचे देणे शिल्लक न ठेवता जाता येते. त्यावर सॉक्रेटिस विचारतो: देणे फेडले म्हणजे न्याय झाला का? तिथून तो सारा ग्रंथ निघतो.

पुढची हकिगत दुःखाची आहे. इ.स.पू. ४०४ मध्ये अथेन्सवर तीस जुलमी सत्ताधीश आले. त्यांनी श्रीमंत परदेशीयांच्या संपत्तीवर डोळा ठेवला. केफालसचा मुलगा पोलेमार्कस याला चौकशीविना विष प्यायला लावले आणि दुसरा मुलगा लिसियस कसाबसा निसटला. या घराने सर्व कर भरले होते. कोणाचे देणे ठेवले नव्हते. तरी ज्या पैशाच्या जोरावर त्यांना त्या शहरात जागा मिळाली होती, तोच पैसा त्यांच्या जिवावर उठला. उपयोगाच्या हिशेबावर मिळालेली जागा हिशेब बदलला की जाते, हे त्या घरात दिसते.

कुटुंबाचा पाया म्हणूनच वेगळा असायला हवा. आपण सगळे जन्माला आलो तेव्हा कोणाकडे विमा नव्हता, शिल्लक नव्हती. पहिली काही वर्षे तर आपण पूर्ण भारच होतो. आईने तो भार वाहिला आणि हिशेब ठेवला नाही. परावलंबन ही माणसाच्या आयुष्याच्या दोन्ही टोकांना असणारी स्थिती आहे, तिच्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. म्हातारपणी आधार घेणारा माणूस भीक मागत नसतो, आणि मुलगाही केवळ जुने कर्ज फेडत नसतो. सॉक्रेटिसचा प्रश्न इथे खरा ठरतो.

म्हणून ज्या घरांत असा अर्ज भरायचा विचार चालू आहे त्यांनी फॉर्म उघडण्यापूर्वी एकत्र बसून काही गोष्टी मोकळेपणाने बोलाव्यात, असे मला सुचवावेसे वाटते. आईवडिलांना बोलावतो आहोत ते त्यांच्या सोबतीसाठी, की नातवंडांना सांभाळायला माणूस हवे म्हणून? दोन्ही असेल तर तसे सांगावे. आजीने नातू सांभाळण्यात गैर काही नाही, पण तिला विचारले गेले पाहिजे. दोघांपैकी एकालाच जायचे असेल तर दुसऱ्याचे मन कोण ऐकणार? बर्फाच्या गावात, गाडी चालवता येत नाही, बोलायला मराठी माणूस नाही, मुले दिवसभर कामावर, अशा दिवसांचा विचार झाला आहे का? आणि व्हिसासाठी इथला फ्लॅट विकण्याची घाई करू नये. परतीचे दार उघडे असले की तिकडे राहणेही मोकळ्या मनाने होते. जे जाणार नाहीत असे ठरवतील त्यांच्या मुलांनीही 'आम्ही बोलावले होते, तेच आले नाहीत' असे म्हणून हात झटकू नयेत.

शेवटी, परवाना देणाऱ्यांच्या बाजूने आपण कसे वागतो तेही पाहू या. नवी मुंबईत बहुतेक सर्व बाहेरून आलेले. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभे राहिले. जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पाच शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. त्या आगरी-कोळी गावांचे देणे आपल्या प्रत्येक इमारतीखाली आहे. आणि आज आपल्याच सोसायट्यांच्या सभेत आपण भाडेकरूचे आडनाव विचारतो, एकट्या मुलींना घर द्यायचे की नाही यावर वाद घालतो, अकरा महिन्यांचा करार करतानाही जात-धर्म चाचपतो. आपल्यापैकी काहींना ख्रिस्ती म्हणून घर नाकारले गेले आहे आणि आपल्यापैकी काहींनी दुसऱ्याला नाकारले आहे. मुलाच्या व्हिसा अधिकाऱ्याने उदार असावे अशी प्रार्थना करणाऱ्याने सोसायटीच्या कमिटीत तसे असायला नको का? परक्याला छळू नका, कारण तुम्हीही मिसर देशात परके होता, असे जुन्या करारात इस्राएली लोकांना पुन्हा पुन्हा सांगितलेले आहे, ते याचसाठी.

इंग्रजीतला 'पॅरिश' हा शब्द ग्रीक 'पारोइकिया'वरून आला आहे. त्याचा मूळ अर्थ परक्या गावात मुक्कामाला असलेल्यांची वस्ती. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या ख्रिस्तसभेने करिंथच्या ख्रिस्तसभेला पत्र लिहिले तेव्हा दोघींचाही उल्लेख आपापल्या शहरात परकी म्हणून राहणारी, असाच केला. मराठीत आपण त्याला धर्मग्राम म्हणतो. आपल्या शब्दात गाव आहे, ग्रीक शब्दात परकेपण आहे. दोन्ही अर्थ धरून ठेवले तर परक्यांनी एकमेकांचे गाव व्हावे, एवढेच काम आपल्याकडे उरते.

जुलैतला चौथा रविवार २०२१ पासून जगभर आजीआजोबा व वृद्धांचा दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवसाची वाट न पाहता या आठवड्यात आपल्या इमारतीतील एका अशा घराची बेल वाजवा, जिथे मुले परदेशी आहेत आणि दोन म्हातारी माणसे मागे राहिली आहेत. त्यांना काही हवे का ते विचारा, आणि त्यांनी 'काही नको' म्हटले तरी थोडा वेळ बसा.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू