हाताला पटलेली गोष्ट

एक बाई होती. तिला कोळ्याची फार भीती वाटे. ही भीती जवळजवळ २० वर्षांची होती. ती गाडीत कीटकनाशकाची धुरी देई. रात्री झोपण्याआधी खोलीचा कोपरा न् कोपरा धुंडाळी आणि खिडक्यांच्या फटी चिकटपट्टीने बुजवी. धुतलेले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवी. घर तिचं होतं, पण हुकूम कोळ्याचा चाले.

१९९०च्या दशकात ती अमेरिकेतल्या सिएटलला, वॉशिंग्टन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गेली. तिथे हंटर हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या डोक्यावर आभासी दृश्य दाखवणारा व्हीआर हेडसेट चढवला. समोर एक स्वयंपाकघर दिसू लागलं. त्यात कोळी होता. तो खोटा आहे हे तिला ठाऊक होतं, तरी ती लांबच थांबली. पुढच्या बैठकांमध्ये ती थोडी थोडी जवळ सरकली.

मग त्यांनी खेळण्यातला एक मोठा केसाळ कोळी आणला. त्याला संवेदक बांधला. खेळणं जिथे हले, तिथे दृश्यातला कोळी हले. बाईने दृश्यातला हात पुढे केला आणि तिच्या खऱ्या बोटांना केस लागले.

भीती आधी उसळली. पण तिने पुन्हा हात लावला. पुन्हा लावला. हळूहळू भीती ओसरू लागली.

या गोष्टीत मला त्या साध्या खेळण्याचं मोल फार वाटतं. का, ते हॉफमन यांच्याच दुसऱ्या एका प्रयोगातून कळतं. १९९८मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांना आभासी जगातली एक थाळी दाखवली. काहींनी ती नुसती पाहिली, काहींच्या हाती खरी थाळी आली. ज्यांना खरी थाळी लाभली, त्यांना त्या जगातल्या न शिवलेल्या वस्तूही भरीव आणि जड वाटल्या. सोडल्या तर त्या खाली पडतील, असंही वाटलं. एका खऱ्या स्पर्शाने साऱ्या दृश्याला वजन आलं. बाईच्या धैर्याचंही असंच झालं असावं. नुसत्या डोळ्यांनी मिळवलेलं धैर्य हेडसेटबरोबर उतरवून ठेवता येतं. तिचं धैर्य तिच्या बोटांनी कमावलेलं होतं.

तासातासाच्या १२ बैठका झाल्या. शेवटी तिच्यासमोर जिवंत टॅरँटुला कोळी आणला गेला. तिने तो हातावर घेतला आणि कित्येक मिनिटं धरून ठेवला.