शिळ्या उसाचा माग

भीमेच्या काठी एक लहानसा साखर कारखाना होता. त्याची बरीचशी साखर गोळ्या-चॉकलेटं बनवणारी एक मोठी कंपनी घ्यायची. एका फेब्रुवारीत कंपनीची तक्रार आली. साखरेचा दाणा लांबट आहे, आमच्या गोळ्यांचा आकार बिघडतोय, अठ्ठेचाळीस तासांत कारण कळवा, नाहीतर पुढची ऑर्डर विसरा.

कारखान्याच्या चीफ केमिस्टला कारण शोधायला फार वेळ लागला नाही. तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळला तर ठीक. फडात पडून राहिला, की काही जीवाणू त्यातली साखर खातात आणि डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात. तो रसातून पाकात उतरला, की साखरेचा स्फटिक एकाच अंगानं लांबत जातो. म्हणजे कुठला तरी ऊस शिळा आला होता. कुठला?

तेही सापडलं. पोत्यावरच्या क्रमांकावरून दिवस आणि पाळी कळली, पाळीवरून काट्यावरच्या वजनपावत्या निघाल्या, पावत्यांवरून तोडणीच्या चिठ्ठ्या. चिठ्ठीवर काय नसतं? शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, उसाची जात, लागणीची तारीख, गाडीचा नंबर, मुकादमाचा कोड. सव्वाशे टन ऊस होता, एकाच मुकादमाच्या चार टोळ्यांनी तोडलेला, आणि तोडल्यावर तो तीन दिवस फडातच पडला होता. केमिस्टनं अहवाल लिहायला घेतला आणि ‘कारण’ या रकान्याशी येऊन थांबला. शेतकी अधिकारी म्हणाला, “मजूर अडचण लिहा की. आपण नेहमी तेच लिहितो.”

केमिस्ट चिकट स्वभावाचा होता. मोटरसायकल काढली आणि फडावर गेला.

टोळ्या बीडकडच्या, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या. फडाशेजारी राहायच्या कोप्या, कोप्यांपुढं चुली, वाढ्यांचे भारे. एक बाई मोळी बांधत होती. तिला त्यानं विचारलं, बाई, त्या तीन दिवसांत काय झालं होतं? तिनं आधी मुकादम जवळपास आहे का ते पाहून घेतलं.

झालं होतं ते असं. गावाकडं आजीपाशी ठेवलेली थोरली पोर तापानं फणफणली, म्हणून तिचा नवरा रात्रीच्या एसटीनं कुणाला न सांगता निघून गेला. सांगितलं असतं तर मुकादमानं जाऊ दिलं नसतं. आगाऊ घेतलेली उचल फिटली नव्हती. सकाळी मुकादमाची माणसं आली, तिला आणि धाकट्या पोराला जीपमध्ये घालून घेऊन गेली आणि मुकादमाच्या वाड्यातल्या एका खोलीत ठेवलं. नवरा परत येईस्तोवर. हे कळल्यावर चारही टोळ्यांनी कोयते खाली टाकले. कुणी भरायला उठेना, कुणी तोडायला. तिसऱ्या दिवशी नवरा परत आला, बाई सुटली, ट्रॉल्या भरल्या गेल्या.

“सायेब,” ती म्हणाली, “ऊस शिळा झाला ते तुमाला पोत्यावरनं कळलं. मला कोंडून घातलं व्हतं ते कुनालाच कसं कळलं न्हाई?”

केमिस्टकडं याला उत्तर नव्हतं. त्यानं तिला उचल किती ते विचारलं. जोडप्याला, म्हणजे एका कोयत्याला, एक लाख. परतताना त्यानं मनातल्या मनात हिशेब केला. तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये. नवरा-बायको मिळून दिवसाला दोन टन तोडतात असं धरलं तर ७३२ रुपये. लाख फेडायला १३७ दिवस. हंगाम चालतो चार-पाच महिने. म्हणजे एकही दिवस आजारी न पडता, एकही दिवस ट्रॅक्टर न चुकता जेमतेम फिटणार. पण आठवड्याच्या बाजाराला मुकादम खर्ची देतो, ती उचलीतच मिळवतो. काम बुडालं की खाडा, तोही उचलीत. मग उरलेली बाकी पुढच्या दिवाळीनंतर त्याच मुकादमाच्या ट्रकमध्ये बसवते. हा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो, आणि ती वही त्या बाईनं कधी उघडलेली नसते.

गोष्ट सोपी करायची तर इथं मुकादमाला राक्षस करावं. तो काही देवमाणूस नव्हताच. बाईला कोंडणारा माणूस आणखी कोण असणार? पण त्यानंही कारखान्याकडून तोडणीची उचल जमीन अडकवूनच घेतलेली होती, आणि मागच्या साली सहा कोयते अर्ध्या हंगामात पळाले तेव्हा कारखान्यानं ते पैसे त्याच्याच नावावर टाकले होते. वरून खाली प्रत्येकानं आपापली जोखीम खालच्याच्या गळ्यात बांधली होती. सगळ्यात खाली ती बाई होती. तिला ती बांधायला खाली कुणी उरलंच नव्हतं.

केमिस्टनं अहवालात घडलेलं घडल्यासारखं लिहिलं. कार्यकारी संचालकांनी तो वाचून बाजूला ठेवला. योगायोग असा, की त्याच दिवशीच्या टपालात कंपनीचा वार्षिक फॉर्म आला होता. त्यात एक प्रश्न होता: आपल्या पुरवठ्यात कुठंही सक्तीची मजुरी आहे काय? होय / नाही.

संचालक म्हणाले, “नाहीवर खूण करा. ती मुकादमाची माणसं, आपली नाहीत. आणि साखळदंड कुठं दिसला तुम्हाला?”

कारखान्याचा वकील समोरच बसला होता. तो प्रामाणिक निघाला (बोधकथेत एवढी सूट असते). म्हणाला, “साहेब, एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८२ सालीच सांगितलंय, सक्ती फक्त दंडुक्याची नसते. दुसरा मार्ग नाही म्हणून किमान वेतनाहून कमी पैशात राबावं लागलं, तरी ती सक्तीच. इथं तर बाई कोंडली होती.”

फॉर्मवर ‘होय’ गेलं, सोबत अहवाल.

कंपनीचा खरेदी अधिकारी संतापून आला. “आम्ही दाण्याचं कारण विचारलं होतं,” तो म्हणाला. शेजारच्या कारखान्याकडून साखर घेईन, अशी धमकीही त्यानं दिली. केमिस्टनं मान डोलावली. “घ्या ना. तिथला फॉर्म स्वच्छ येईल. मुकादम मात्र हेच असतात, एक साल आमच्याकडं, एक साल त्यांच्याकडं.”

खरेदी अधिकारी हुशार होता. जिथं ‘नाही’ लिहिलेलं असतं तिथं कुणी विचारायलाच गेलेलं नसतं, हे त्याला आतून ठाऊक होतं. त्यानं कॅल्क्युलेटर काढला. टनभर उसातून साधारण शंभर किलो साखर निघते. तोडणीला टनामागं शंभर रुपये वाढवले, तर किलोला रुपया पडतो. त्या एका रुपयावर दोन बैठका झाल्या. शेवटी कंपनीनं साठ पैसे कबूल केले, चाळीस कारखान्यानं सोसायचे ठरले.

करार झाला. चिठ्ठीवर दोन रकाने वाढले: तोडणाऱ्या बाईचं नाव आणि पुरुषाचं नाव. उचल कारखान्यानंच द्यायची, लेखी, एक प्रत मजुराच्या हातात. पैसे दर पंधरवड्याला दोघांच्या वेगवेगळ्या खात्यांत. आणि बाकी असो नसो, जाणाऱ्याला अडवायचं नाही. अडवलं तर कारखान्यानं स्वतः तहसीलदाराला कळवायचं.

सगळ्यात जास्त चिडला तो मुकादम. कामगार खात्याचा अधिकारी कारखान्याच्या ऑफिसात समजवायला आला तेव्हा तो म्हणाला, “उद्या एखादा कोयता चाळीस हजार अंगावर ठेवून निघून गेला तर?”

“तो वेठीला धरलेला असेल तर १९७६ च्या कायद्यानं ते कर्जच संपतं,” अधिकारी म्हणाला. “नव्हता म्हणायचं असेल, तर ते सिद्ध तुम्ही करायचं. त्यानं नाही.”

“मग मी पुढच्या साली माणसं आणू कशी?”

“मजुरी पुरेशी देऊन.”

“आणि ती मला कोण देणार?”

अधिकाऱ्यानं शेजारी बसलेल्या खरेदी अधिकाऱ्याकडं पाहिलं. त्यानं घसा खाकरला आणि म्हणाला, साठ पैसे तर दिलेच आहेत, बाकीचं पुढच्या बैठकीत बघू. तेवढ्यात ती बाई नवऱ्यासोबत ऑफिसात आली. तिला तिच्या नावावरचं पासबुक हवं होतं, आणि मुकादमाच्या वहीतली तिची बाकी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून हवी होती.