फसलेली सुरुवात आणि पुनर्प्रकाशनाची नैतिकता

सिड बॅरेटच्या 'द मॅडकॅप लाफ्स' या ध्वनिमुद्रिकेच्या दुसऱ्या बाजूवर, शेवटून दुसऱ्या गाण्याच्या आरंभी, गायक गाऊ लागतो आणि अडखळतो. स्वर हाती लागत नाही. तो थांबतो, निर्मात्यांशी काही बोलतो, पुन्हा सुरुवात करतो. आणखी एका गाण्याच्या मध्यावर त्याने वहीचे पान उलटल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. हार्वेस्टने जानेवारी १९७० मध्ये ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली, तेव्हापासून हे अडखळणे तिच्या संहितेचा भाग झाले आहे. विनाइलवर ती पुन्हा निघते तेव्हा ध्वनीची स्वच्छता, मुद्रणाची गुणवत्ता, मिक रॉकच्या छायाचित्राचे मुखपृष्ठ यांची चर्चा होते. त्या फसलेल्या सुरुवातीची होत नाही. ती आता 'मूळ' झालेली असते.

प्रस्तुत टिपणात जो प्रश्न उपस्थित करावयाचा आहे तो वरवर पाहता साधा आहे : जे कलावंताने पूर्ण केले नाही ते प्रसिद्ध करण्याचा अधिकार कोणाचा, आणि एकदा ते प्रसिद्ध झाल्यावर पुनर्प्रकाशकाचे कर्तव्य कोणते? साहित्यसमीक्षेला हा प्रश्न नवा नाही. फुकोने फेब्रुवारी १९६९ मध्ये पॅरिसमधील आपल्या व्याख्यानात विचारले होते की नीत्शेच्या वहीत एखाद्या सूत्राशेजारी धोब्याचा हिशेब आढळला, तर तो त्याच्या 'कृती'त धरायचा की नाही? योगायोग असा की त्याच वर्षाच्या उन्हाळ्यात, लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत, या प्रश्नाचे एक व्यावहारिक उत्तर दिले जात होते. तेथे हिशेबाचा कागद कृतीत धरला गेला. मात्र धरणारा लेखक नव्हता.

वस्तुस्थिती थोडक्यात अशी. बॅरेट हा पिंक फ्लॉइड या वाद्यवृंदाचा पहिला प्रमुख गीतकार. १९६७ ची त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका मुख्यत्वे त्याची निर्मिती होती. मनाचा तोल ढळत गेल्याने १९६८ च्या वसंतात तो वृंदाबाहेर पडला. एकट्याच्या ध्वनिमुद्रिकेचे काम मे १९६८ ते ऑगस्ट १९६९ असे रखडत चालले आणि निर्माते बदलत गेले : पीटर जेनर, माल्कम जोन्स, आणि अखेरीस जुने सहकारी डेव्हिड गिल्मर व रॉजर वॉटर्स. या दोघांच्या हातात वेळ थोडा होता. त्यांना आपल्या वृंदाच्या 'उमागुमा'चे काम संपवायचे होते. ज्या तीन गाण्यांत हे अडखळणे आहे ती जुलै १९६९ मधील आहेत. पुढे माल्कम जोन्सने या ध्वनिमुद्रिकेच्या घडणीविषयी एक पुस्तिका लिहिली. अंतिम रूप ऐकून आपल्याला धक्का बसला, असे त्याने त्यात नोंदविले आहे. फसलेल्या सुरुवाती ठेवणे हे त्याला कलावंताला उघडे पाडण्यासारखे वाटले.

या निवडीचे समर्थन सामान्यतः 'प्रामाणिकपणा'च्या भाषेत केले जाते. श्रोत्याला खरा बॅरेट कळावा, झाकपाक नको. या युक्तिवादात वजन आहे हे मान्य करावे लागेल. दुखणाईत माणसाचा आवाज साफसूफ करून, जणू काही घडलेच नाही असा तो बाजारात आणणे हीदेखील एक प्रकारची लबाडीच ठरली असती. सॉफ्ट मशीनच्या वादकांनी त्याच्या आधीच मुद्रित झालेल्या अनियमित गायनावर नंतर जे वादन चढवले, त्यात ही तारांबळ उमटलेली आहेच. आणि तरीही ती गाणी मला आवडतात.

पण हा युक्तिवाद त्याच बाजूवर कोसळतो. फसलेल्या गाण्यांच्या दोनच गाणी आधी 'गोल्डन हेअर' आहे. जेम्स जॉइसच्या 'चेंबर म्युझिक' (१९०७) या संग्रहातील एका कवितेला बॅरेटने दिलेली ही चाल. संयत, जवळजवळ निश्चल, कोठेही न अडखळलेली. ती गिल्मरच्याच देखरेखीखाली, काही आठवडेच आधी, जून १९६९ मध्ये मुद्रित झाली. म्हणजे पूर्णत्वाला नेण्याची क्षमता त्या उन्हाळ्यात बॅरेटजवळ होती. मग 'खरा बॅरेट' कोणता? जुलैतला अडखळणारा माणूस जूनमधल्या माणसापेक्षा अधिक खरा कशावरून? भंगलेपणाला सत्य आणि सिद्धीला मुखवटा मानण्याची ही सवय रोमँटिक सौंदर्यशास्त्राने आपल्या अंगवळणी पाडलेली आहे. ज्याला आपण अंतरंगाचा साक्षात्कार म्हणतो, त्याचा काही भाग तरी स्टुडिओच्या वेळापत्रकाचा परिणाम होता. आणखी एक दिवस मिळता तर कदाचित तो साक्षात्कार झालाच नसता.

एकदा एम.ए.च्या वर्गात संहितेच्या सीमांविषयी बोलताना मी ही बाजू लावली होती. त्या जागी दोन-तीन विद्यार्थी हसले. त्यात दुष्टपणा नव्हता. ध्वनिमुद्रिकेची रचनाच त्यांना हसायला सांगत होती. नंतर एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, त्यांना हे चाललं असतं का?" तेव्हा लेखकाच्या हेतूविषयीचे सैद्धांतिक आक्षेप मी तिला ऐकवले. ते सगळे बरोबर होते आणि तिच्या प्रश्नाशी त्यांचा संबंध नव्हता. अर्थनिर्णयनात लेखकाचा हेतू प्रमाण मानू नये, एवढ्यावरून त्याच्या संमतीलाही किंमत नाही असे निष्पन्न होत नाही. बार्थनंतरच्या आपल्या पिढीने या दोहोंची गल्लत फार सहजपणे केली आहे.

आता पुनर्प्रकाशकाकडे वळू. त्याने त्या सुरुवाती काढून टाकाव्यात काय? माझ्या मते नाही. आपल्याकडे पाठशुद्धीचा आदर्श म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये सिद्ध केलेल्या ज्ञानेश्वरीच्या प्रतीकडे बोट दाखविले जाते. तेथे संपादकाचा दंडक स्पष्ट आहे : आपल्या पदरची भर घालू नये. पण तो दंडक लेखकाची संहिता आणि लेखनिकांची भर यांत भेद करता येतो या गृहीतकावर उभा आहे. येथे जो पाठ अशुद्ध वाटतो तो बॅरेटच्याच कंठातून आलेला आहे. परकी आहे ती तो पाठ ठेवण्याची निवड. पन्नासहून अधिक वर्षे श्रोत्यांनी जे ऐकले ते पुसून टाकणे ही दुसरी, मागाहून केलेली ढवळाढवळ होईल. नव्या तबकडीसाठी ध्वनी उजळणारा तंत्रज्ञ टेपची खरखर कमी करतो आणि पानाचा आवाज राखतो. दोष कोणता आणि आशय कोणता, हा निवाडा त्याला पदोपदी करावा लागतो. पानाच्या बाबतीत तो निवाडा १९६९ मध्येच होऊन गेलेला आहे.

१९८८ चा 'ओपल' आणि १९९३ चा 'क्रेझी डायमंड' हा संच यांतून बॅरेटची अप्रकाशित व पर्यायी मुद्रणे बाहेर आली, तेव्हा हे उकिरडे उपसणे आहे अशी टीका होणे स्वाभाविक होते. मला मात्र ती प्रकाशने अधिक निर्दोष वाटतात. तेथे पर्यायी मुद्रण 'पर्यायी' म्हणूनच समोर येते. श्रोता दफ्तरखान्यात आल्याचे जाणून असतो. मूळ तबकडीवरील अडखळणे मात्र कृतीच्या पोटात, कोणतीही खूण न करता बसवलेले आहे. म्हणून विनाइलच्या पुनर्प्रकाशनाने फार काही नको, पण वेष्टनावर ही निवड कोणी, केव्हा आणि कोणत्या घाईत केली हे चार ओळींत सांगावे.

पुनर्प्रकाशनांचे मानधन बॅरेटला मिळत राहिले, असे उत्तर येथे दिले जाते. ते महत्त्वाचे आहे, पण दुसऱ्या प्रश्नाचे आहे. बॅरेट २००६ पर्यंत जगला. अखेरची काही दशके केंब्रिजमध्ये, रॉजर या आपल्या जन्मनावाने, बागकाम आणि चित्रे करीत. चित्र पूर्ण झाले की तो त्याचे छायाचित्र काढी आणि पुष्कळदा मूळ चित्र नष्ट करून टाकी, असे त्याच्या बहिणीने सांगितले आहे.