बंदरापूर्वीची वाट

समुद्रात जहाज लोटण्यापूर्वी जमिनीवरचा जो शेवटचा टप्पा मनुष्याला ओलांडावा लागतो, त्याचा विचार आपल्या धर्मचिंतकांनी फारसा केलेला दिसत नाही. समुद्रयान विहित की निषिद्ध, निषिद्ध असल्यास प्रायश्चित्त कोणते, आणि प्रायश्चित्त घेतल्यानंतरही असा मनुष्य पंक्तीस घ्यावा की नाही, यांवर निबंधकारांनी विपुल लेखन केले. परंतु आपल्या गावाहून बंदरापर्यंत जाताना त्याने कोणती वाट धरावी, कोणते वाहन पत्करावे आणि ती निवड कोणाच्या हिताकडे पाहून करावी, हा प्रश्न केवळ सोयीचा समजून त्यांनी प्रवाशावरच सोपविला. कोल्हापूरसारख्या शहरात, जेथून समुद्र फार दूर नाही पण मध्ये सह्याद्री उभा आहे, राहणाऱ्या मनुष्याला मात्र हा प्रश्न सोयीचा म्हणून बाजूस सारता येत नाही, आणि माझ्या मते तो मुळात सोयीचा नाहीच. तो धर्माचा प्रश्न आहे.

आज एखादे कोल्हापूरकर कुटुंब मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझवर चार दिवस घालविण्याचे ठरविते, तेव्हा त्याच्यापुढे रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस असते, साताऱ्यावरून खंबाटकी ओलांडून पुण्यामार्गे जाणारा महामार्ग असतो आणि उजळाईवाडीचा विमानतळही असतो. तिकिटांचा आकडा आणि लागणारा वेळ यांचा हिशेब मांडून निर्णय होतो आणि तो तेथेच मिटतो. ज्येष्ठांना रात्रभर बसवून न्यावे की निजवून, ठरलेल्या वेळेनंतर क्षणभरही न थांबणाऱ्या जहाजासाठी एक दिवस हाताशी राखावा की न राखावा, आणि हे सर्व ठरविण्याचा अधिकार घरातल्या एकाच्याच हाती असावा काय, असे प्रश्न त्या हिशेबात उतरत नाहीत. तरी प्रवासातील मनुष्याचे स्वातंत्र्य जेवढे म्हणून असते, तेवढे याच टप्प्यात असते. जहाजाचा नांगर उचलला की कप्तानाच्या हुकमतीपुढे सर्व प्रवासी सारखेच पराधीन होतात.

आपल्या जुन्या लोकाचाराला ही गोष्ट शास्त्रकारांपेक्षा अधिक कळली होती, असे मी म्हणेन. प्रवासाचा मुहूर्त सोयीचा नसला म्हणजे सुपारी, तांदूळ किंवा एखादे वस्त्र शेजारच्या घरी नेऊन ‘प्रस्थान’ ठेवीत, आणि प्रत्यक्ष पाऊल दोन दिवसांनी उचलले तरी प्रवास त्या घटकेलाच सुरू झाला असे मानीत. यात्रेचा आरंभ वाहनाच्या चाकाशी होत नसून संकल्पाशी होतो, हे तत्त्व याहून स्पष्ट कोणत्या भाष्यात सांगितले असेल? पंचांगातील दिशाशूळही असाच विचार करण्याजोगा आहे. रविवारी व शुक्रवारी पश्चिमेस जाऊ नये, मंगळवारी व बुधवारी उत्तरेस जाऊ नये, असा तो निर्बंध; पण कोल्हापूरहून मुंबई गाठणारा मनुष्य आंबा घाट उतरून रत्नागिरीच्या बंदराकडे निघाला तर त्याची दिशा पश्चिम ठरते, आणि कराड-साताऱ्यावरून पुण्याकडे निघाला तर उत्तर. गन्तव्य तेच असताना वाट बदलली की निषेधही बदलतो. हा निर्बंध आज कोणी पाळो वा न पाळो, त्यातून निष्पन्न होणारा विचार मला महत्त्वाचा वाटतो: गन्तव्याइतकीच वाटही कर्माचा भाग आहे आणि तिचा दोषगुण कर्त्याला चिकटतो.

तीर्थयात्रेच्या बाबतीत शास्त्रकारांनीही हे मान्य केले होते. वाहनाने जाणाऱ्याचे पुण्य उणावते असे त्यांनी सांगितले, आणि बैलावर बसून प्रयागास जाणाऱ्याची तर मत्स्यपुराणाने कठोर शब्दांत निर्भर्त्सना केली. कारण यात्रिकाच्या पुण्यासाठी मुक्या जनावराने कष्ट सोसावेत, हे त्या पुराणकाराला पटले नसावे. पायी पंढरी गाठणारा वारकरी पाहिलेल्या कोणालाही हे वेगळे समजावून सांगण्याचे कारण नाही. आपल्या यात्रेचा भार कोणावर पडतो आहे, हा प्रश्न येथे साधनाच्या निवडीतच विचारलेला आहे.

समुद्राची गोष्ट आली मात्र, आणि हीच सूक्ष्म दृष्टी एकाएकी स्थूल झाली. बौधायनाने समुद्रसंयान पतनीय कर्मांत घातले खरे, पण त्याच सूत्रग्रंथाच्या आरंभी उत्तरेकडील लोकांच्या विशिष्ट आचारांतही त्याची गणना केली, म्हणजे कोणे एके काळी तो निव्वळ देशाचाराचा प्रश्न होता. मनुस्मृतीने समुद्रयायी ब्राह्मणास श्राद्धात वर्ज्य ठरविले. पुढे कलिवर्ज्यांच्या, म्हणजे कलियुगात वर्ज्य मानलेल्या आचारांच्या, यादीत, प्रायश्चित्तानंतरही त्याचा स्वीकार करू नये, इथपर्यंत मजल गेली. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या कलिवर्ज्यांचा जो ऊहापोह केला आहे तो वाचला, म्हणजे एकेक निषेध कसा काळाच्या गरजेतून आला आणि गरज सरल्यावरही कसा टिकून राहिला, हे कळून येते. रघुनाथरावाच्या वकिलीसाठी अठराव्या शतकात विलायतेस जाऊन आलेल्या हणमंतरावाला सुवर्णाची योनी करून तिच्यातून बाहेर पडण्याचे प्रायश्चित्त घ्यावे लागले, अशी नोंद आहे. खाऱ्या पाण्याने त्याचा जुना जन्मच बुडविला, असा त्याचा अर्थ.

पण दोष जर खरोखर खाऱ्या पाण्यात असता, तर कोकणातील एकही घर शुद्ध उरले नसते. रेल्वे येण्यापूर्वी, आणि आल्यावरही, घाटावरचा माल व माणसे राजापूर, रत्नागिरी, वेंगुर्ले, विजयदुर्ग या बंदरांकडे उतरत. तेथून पडावांत बसून आगबोट गाठीत आणि आगबोटीने मुंबईच्या धक्क्यास लागत. पावसाळ्याचे महिने ही वाहतूक बंद, नारळी पौर्णिमेनंतर ती हळूहळू पुन्हा सुरू. या बोटींतून वेदशास्त्रसंपन्न भटजी गेले, सोवळ्यातल्या विधवा गेल्या, नोकरीच्या शोधातील मुले गेली, आणि कोणी कोणाला प्रायश्चित्त विचारले नाही. रत्नागिरीहून मुंबईस नेणारे पाणी आणि मुंबईहून एडनला नेणारे पाणी एकाच समुद्राचे. मग दोष कोठे सुरू होतो? किनारा दृष्टीआड झाल्यावर? परमुलखात आचार पाळता येत नाहीत म्हणून दोष, असे म्हणावे, तर तो समुद्राचा नव्हे, आचारभंगाचा झाला; आणि आचारभंग तर पुण्याच्या खाणावळीतही होऊ शकतो. हा निषेध पाण्याशी बांधण्यात शास्त्रकारांची चूक झाली, असे मी निःसंकोचपणे म्हणतो. तो संकल्पाशी आणि इतरांविषयीच्या दायित्वाशी बांधावयास हवा होता.

कोल्हापूरच्या गादीच्या इतिहासात या प्रश्नाला एक दुःखद उदाहरण लाभले आहे. १८६६ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसलेले तरुण छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये विलायतेस गेले. त्या काळी कोल्हापुरास रेल्वे नव्हती. ती मिरजेहून यावयास १८९१ साल उजाडावे लागले. पुण्याहून मुंबईस मात्र बोरघाटातून आगगाडी धावू लागली होती, आणि सुएझचा कालवा १८६९ च्या नोव्हेंबरात नुकताच खुला झाला होता. कॅप्टन वेस्ट हे इंग्रज अधिकारी त्यांच्यासोबत होते, आणि महाराजांनी लिहिलेली प्रवासाची रोजनिशी पुढे वेस्ट यांनीच १८७२ मध्ये लंडनला प्रसिद्ध केली. परतीच्या वाटेवर इटलीतील फ्लॉरेन्स येथे मुक्कामी असता ३० नोव्हेंबर १८७० रोजी अवघ्या वीस वर्षांच्या या राजाचा अंत झाला. दहनाची रीत ज्या मुलखात नव्हती, तेथील अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली, आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर रात्री त्यांचे दहन झाले. संगम निवडला गेला, यात सोबतच्या मंडळींची श्रद्धा दिसते. पंचगंगेच्या काठच्या माणसांनी परक्या मुलखातही आपले तीर्थ शोधले. १८७४ मध्ये फुलर या शिल्पकाराने घडविलेला त्यांचा अर्धपुतळा छत्रीखाली त्या ठिकाणी बसविण्यात आला, आणि गेल्या शतकात तेथे बांधलेल्या पुलालाही त्या ‘हिंदी’ राजावरूनच नाव मिळाले.

ज्याची तशी धारणा असेल त्याला या मृत्यूत समुद्रोल्लंघनाचे फळ दिसेल. मला ते दिसत नाही, आणि न दिसण्याचे कारण भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात आहे. कोणत्याही कर्माची पाच कारणे तेथे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, निरनिराळे व्यापार आणि पाचवे दैव. साधन, म्हणजे येथे वाट आणि वाहन, हे स्वतंत्र कारण म्हणून गणले आहे, म्हणून त्याची निवड क्षुल्लक नव्हे. आणि दैव पाचवे आहे, पहिले नव्हे, म्हणून घडलेल्या प्रत्येक अनर्थावरून कर्त्याचा दोष सिद्ध होत नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. रेवसची वाट त्यांनी चुकीची धरली होती, असे कोणता विवेकी मनुष्य म्हणेल? निवड शुद्ध असूनही फळ घोर असू शकते. हे मान्य केल्याखेरीज निवडीच्या शुद्धाशुद्धतेचा विचारच करता येत नाही, कारण मग केवळ फळावरून मागे जाऊन सगळ्यांना दोषी किंवा पुण्यवान ठरवावे लागते.

राजाराम महाराजांच्या प्रवासात मला दुसरीच गोष्ट अस्वस्थ करते. महाराजांनी संकल्प केला, दरबाराने तजवीज केली. पण त्यांच्याबरोबर गेलेल्या सेवकांनी काय निवडले होते? त्यांच्या वाट्याला फक्त तैनात आली. जातीत परत घेण्याचा प्रश्न उद्भवला असता तर राजाचे प्रायश्चित्त राजवैभवाने होऊ शकत होते. या सेवकांचे कोण करणार होते? हुकुमाने जाणाऱ्याच्या माथी कर्माचा दोष किती आणि हुकूम देणाऱ्याच्या किती, हा प्रश्न समुद्रयानावरील कोणत्याही निर्णयग्रंथात अग्रभागी असावयास हवा होता. लोकमान्य टिळकांना १९०८ मध्ये सरकारने कैदी म्हणून बोटीने ब्रह्मदेशी नेले. तेथे वाट, वाहन, दिवस यांपैकी काहीच त्यांच्या हाती नव्हते, आणि तेथील मंडालेच्या तुरुंगात त्यांनी लिहिलेल्या गीतारहस्यात कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य यांवर एक अख्खे प्रकरण आहे. पुढे १९१८ च्या सप्टेंबरात तेच टिळक चिरोल खटल्यासाठी आपल्या इच्छेने मुंबईहून विलायतेला निघाले. दोन्ही वेळा पाणी समुद्राचेच; पण पहिल्या प्रवासाचा कर्ता सरकार होते आणि दुसऱ्याचा टिळक. जे शास्त्र या दोहोंत भेद करीत नाही, ते प्रवासाचा विचार करीत नसून केवळ भूगोलाचा करते.

घरातील वडीलधाऱ्यांना क्रूझवर नेणारा कर्तबगार मुलगा हा लहान प्रमाणात असाच हुकूमदार असतो. त्याने पहाटे निघून महामार्गाने थेट बंदर गाठण्याचे ठरविले की आईच्या गुडघ्यांचा, वडिलांच्या औषधाच्या वेळांचा आणि वाटेतल्या प्रत्येक खोळंब्याचा निर्णय त्याने करून टाकलेला असतो, आणि तो त्यांनी प्रेमापोटी निमूटपणे स्वीकारलेला असतो. मी अशा कुटुंबात असतो तर रात्रीची गाडी पत्करली असती आणि जहाज सुटण्याच्या आदल्याच सकाळी मुंबईत उतरलो असतो; महाग पडला तरी तो एक दिवस मी दैवाच्या नावे काढून ठेवला असता. जो मनुष्य अगदी शेवटची गाडी धरून वेळेवर पोचण्याची खात्री बाळगतो, तो गीतेने सांगितलेल्या पाचव्या कारणाला आपल्या हिशेबातून वगळतो. आणि त्या वगळण्याचे मोल पुष्कळदा बरोबरच्या माणसांना द्यावे लागते. प्रस्थान ठेवणाऱ्या पूर्वजांनी दिवसांचे जे अंतर संकल्प आणि गमन यांमध्ये राखले, त्यात मला अंधश्रद्धेपेक्षा हा विवेक अधिक दिसतो.

आणखी एक नाव येथे घेतले पाहिजे. गोपाळराव जोशी कोल्हापुरात टपाल खात्यात असता त्यांनी आपल्या पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांच्याशी पत्रव्यवहार केला, तो पत्रव्यवहार अमेरिकेत छापला गेला आणि त्यातूनच आनंदीबाईंचा पुढचा मार्ग खुला झाला. १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून बोटीवर चढल्या, आणि तत्पूर्वी बंगालमधील श्रीरामपूर येथे भरसभेत उभे राहून आपण का जात आहोत हे त्यांनी स्वतः सांगितले. पती बरोबर नव्हता, संकल्प त्यांचा होता, आणि त्याचा जाबही त्यांनीच समाजासमोर दिला. समुद्र ओलांडण्यापूर्वीच्या टप्प्याचा इतका पूर्ण विनियोग केलेला दुसरा प्रवासी मला आढळलेला नाही. १८८६ मध्ये वैद्यकीची पदवी घेऊन त्या परतल्या, आणि कोल्हापूर दरबाराने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाचे प्रमुखपद त्यांना देऊ केले. समुद्र ओलांडलेल्या स्त्रीला अशी जबाबदारी देणे, हे त्या काळच्या दरबाराचे मोठे कृत्य होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, ते काम हाती घेण्यापूर्वीच, क्षयाने पुण्यात त्यांचा देहान्त झाला. दोन महासागर त्यांनी जाताना आणि येताना पार केले होते. राहिला तो पुण्याहून कोल्हापूरपर्यंतचा, चार वर्षांनी जेथे आगगाडी धावणार होती तो, जमिनीवरचा रस्ता.