तिकिटांचा अल्बम विकण्याआधी

पावसाळ्यात हे काम काढू नका. ओल्या हवेत कोऱ्या तिकिटांचा डिंक सुटतो, तिकीट पानाला धरतं आणि सोडवायला गेलं की फाटतं. दिवाळीनंतरची एखादी कोरडी सकाळ निवडा. टेबल मोकळं करा, हात धुऊन नीट कोरडे करा, पंखा बंद ठेवा. फोन दुसऱ्या खोलीत राहू द्या. भाव पाहायचेच आहेत, पण आज नकोत.

आता अल्बम समोर घ्या. कुणी जमवला होता? वडिलांनी, आजोबांनी, एखाद्या आत्यानं? घर बदलताना किंवा माणूस गेल्यावर कपाट आवरताना तो हाती लागला असेल, आणि ‘याचे काही पैसे येतील का?’ असं घरात कुणीतरी विचारलंच असेल. विचारण्यात गैर काही नाही, लाज वाटून घेऊ नका. फक्त त्याआधी आणखी एक प्रश्न मनात धरा: ज्यानं हे जमवलं, त्याला या पानांवर काय दिसत होतं? आजची सकाळ तेवढ्यासाठीच आहे. हे न पाहता जे विकायला जातात ते बहुतेक वेळा व्यवहारातही फसतात, कारण आपल्याकडे काय आहे हेच त्यांना ठाऊक नसतं.

पहिली पानं बहुधा परदेशांची असतात, आणि सगळ्यांत झगमगीत तीच. मॅग्यार पोस्टा म्हणजे हंगेरी, हेल्वेशिया म्हणजे स्वित्झर्लंड, सुओमी म्हणजे फिनलंड. ज्यावर देशाचं नावच नाही, नुसता राणीचा चेहरा आहे, ते ब्रिटनचं. चिकटवायचं टपाल तिकीट १८४० साली त्यांनी सुरू केलं, म्हणून नाव न छापण्याची मुभा त्यांना आजही आहे. मिरजेच्या किंवा अकोल्याच्या एका मुलाला हे कुणी शाळेत शिकवलं नव्हतं. त्यानं नकाशाचं पुस्तक उघडून, कुणाला तरी विचारून ते शोधून काढलं. पानाच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं देशाचं नाव लिहिलं आहे का पाहा. असेल तर ते अक्षर ओळखीचं वाटेल, फक्त वयानं लहान. त्या अक्षरापाशी थोडं थांबा.

मग त्याच पानावरचं एखादं मोठं तिकीट, फुलपाखराचं नाहीतर अंतराळयानाचं, चिमट्यानं उचला आणि उलटं करा. पुढे शिक्का आहे, तोही नेमका कोपऱ्यात, चित्राला धक्का न लावणारा; आणि मागे डिंक जसाच्या तसा. म्हणजे हे तिकीट कधी पाकिटावर बसलंच नाही. शिक्का मारूनच ते संग्राहकांसाठी विकायला काढलेलं होतं. पूर्व युरोपातल्या देशांच्या, आणि १९६० नंतरच्या दशकात शारजा, अजमान, फुजैरा अशा आखाती अमिरातींच्या नावानं, अशी तिकिटं ढिगानं निघाली. जगभरच्या मुलांनी ती पाकिटातून विकत घेतली. बाजारात त्यांना आज जवळपास किंमत नाही, त्यामुळे व्यापारी ही पानं भराभर उलटेल. तुम्ही उलटू नका. खाऊचे पैसे वाचवून घेतलेलं ते पाकीट, त्यातलं रॉकेट पाहताना डोळ्यांत आलेलं ते तेज, हे सगळं खरं होतं. बाजारात भाव नाही म्हणून त्या वेळच्या आनंदात खोट येत नाही.

पुढे भारताची पानं येतील. इथे घाई अजिबात नको. राजा पाचव्या आणि सहाव्या जॉर्जची छोटी छोटी तिकिटं दिसतील. आधी ती लंडनहून छापून येत. १९२६ पासून नाशिक रोडच्या सरकारी छापखान्यात छापली जाऊ लागली. मग २१ नोव्हेंबर १९४७ चं साडेतीन आण्यांचं तिकीट: फडकता तिरंगा आणि बाजूला नागरीत ‘जय हिंद’. स्वतंत्र भारताचं हे पहिलं तिकीट. त्यानंतर १५ ऑगस्ट १९४८ ची गांधीजींची तिकिटं: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. स्वित्झर्लंडमध्ये छापलेली, नागरीत आणि उर्दूत ‘बापू’ लिहिलेली.

बहुतेक घरच्या अल्बमांत यातली पहिली तीन असतात आणि चौथ्याची जागा रिकामी. का ते हिशोब केला की कळतं. दहा रुपयांत दीड आण्याची शंभराहून जास्त तिकिटं आली असती. एवढी रक्कम एका कागदाच्या तुकड्यावर घालणं त्या घराला परवडणारं नव्हतं, तरीही जागा मात्र राखून ठेवली. पुढेमागे मिळेल म्हणून. त्या रिकाम्या चौकोनाकडे नीट पाहा. त्या घरातली कमाई आणि त्या मुलाची आशा, दोन्ही तिथे आहेत.

आता त्या तिकिटांपैकी एक उलटं करा. मागे एक पातळ पारदर्शक कागदी पट्टी दिसेल, अर्धी तिकिटाला आणि अर्धी पानाला चिकटलेली. हिला हिंज म्हणतात. आजचा गिऱ्हाईक ही पट्टी पाहून भाव बराच खाली आणतो, कारण त्याला मागचा डिंक छापखान्यातून आला तसा, कशाचाही स्पर्श न झालेला हवा असतो. पण ज्या काळी हा अल्बम भरला गेला, त्या काळी हिंज लावणं हीच शहाण्याची रीत होती. गोंद न फासता, तिकिटाला इजा न करता बसवायची पट्टी. तुमच्या माणसानं ती जिभेच्या टोकानं जेमतेम ओली केली, तिकीट रेषेत धरलं, बोटानं हलकेच दाबलं. त्याचा हात जिथे सर्वांत जपून चालला, नेमकं तिथे आज किंमत घटते. मला या सगळ्या व्यवहारात हीच गोष्ट फार लागते. ती तशी आहे हे मान्य करा, पण हिंज ओढून काढायला जाऊ नका. त्यानं डिंकही जातो आणि कागदाचा पापुद्राही.

याच पानांमध्ये १८ एप्रिल १९५८ चं महर्षी कर्वे यांचं तिकीट असेल. त्या दिवशी कर्वे शंभर वर्षांचे झाले. ते हयात असताना त्यांच्यावर तिकीट निघालं, आणि असा मान मिळालेले ते पहिले भारतीय. पुण्यात त्यांच्या संस्थेत शिकलेली आई किंवा आजी ज्या घरात आहे, तिथे हे तिकीट वेगळ्या मायेनं लावलं गेलं असणार. बाजारात ते अगदी स्वस्तात मिळतं. माझं मत विचाराल तर असं तिकीट विकूच नका. त्याचे येऊन येऊन किती येणार?

अल्बम बाजूला ठेवा आणि त्याच कपाटातला पाकिटांचा गठ्ठा घ्या. तोच, जो कुणीतरी रद्दीत घालायला काढला होता. तिकीट-संग्रहाचा भाव करताना घरची माणसं सर्वांत जास्त चुकतात ती इथे. जुन्या पाकिटावरची तिकिटं पाण्यात भिजवून सोडवायची आणि पाकीट फेकायचं, असं आपण लहानपणी शिकलो. जाणकाराला मात्र पूर्ण पाकीट हवं असतं: तिकीट, त्यावरचा शिक्का, तारीख, पत्ता, वाटेतल्या गावांचे शिक्के, सगळं एकत्र. १८ फेब्रुवारी १९११ ला अलाहाबादहून यमुनेपलीकडच्या नैनीला विमानानं टपाल नेलं गेलं. जगातलं ते पहिलं अधिकृत हवाई टपाल. आँरी पेके नावाच्या फ्रेंच वैमानिकानं सुमारे सहा हजार पत्रं नेली. त्या पाकिटांवरची तिकिटं रोजच्या वापरातलीच आहेत. मोल आहे ते त्या दिवसापुरत्या केलेल्या खास शिक्क्याला.

एवढं दुर्मीळ आपल्या गठ्ठ्यात निघेलच असं नाही. पण १९६१ च्या डिसेंबरआधी मडगावहून आलेलं, पोर्तुगीज तिकीट लावलेलं पाकीट निघू शकतं. इंदूरच्या आजोळाहून आलेलं होळकर संस्थानचं तिकीट, किंवा ब्रिटिश राजाच्या तिकिटावर ‘ग्वालियर’ छापलेलं शिंद्यांच्या राज्याचं तिकीटही निघू शकतं. मराठी घरं या सगळ्या गावांना पसरलेली होती आणि कागद त्यांच्या मागोमाग फिरले. काहीही भिजवू नका, कापू नका, पुसू नका.

पाकिटात पत्र असेल तर ते वाचा. आज वेळ आहे. पाकीट विकून पत्र घरी ठेवता येतं. अंतर्देशीय आणि पोस्टकार्ड यांत तशी सोय नाही. तिथे तिकीट आणि मजकूर एकाच कागदावर असतो. कुणाच्या बाळंतपणाची, आजारपणाची, उसनवारीची हकिकत अनोळखी माणसाच्या हाती जावी का, हे एकेक कार्ड हातात घेऊन ठरवा. ज्याचं उत्तर सापडत नाही ते घरी ठेवा.

आता भावाचा विचार करायला हरकत नाही. आधी एक समज सोडून द्या: जुनं म्हणजे महाग. १८४० चं पेनी ब्लॅक हे जगातलं पहिलं टपाल तिकीट, पण ते सहा कोटी ऐंशी लाखांहून जास्त छापलं गेलं. त्यामुळे साधा, शिक्का मारलेला नमुना आजही हौशी माणसाच्या आवाक्यात आहे. उलट, १९४८ च्या त्याच गांधी तिकिटांवर गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठी ‘सर्व्हिस’ अशी अक्षरं छापलेली दहा रुपयांची तिकिटं फार थोडी होती. त्यातली जोडलेली चार २०१७ मध्ये पाच लाख पौंडांना गेली. किती उरली आहेत आणि किती जणांना हवी आहेत, यावर भाव ठरतो. वय नंतर येतं. अशी बातमी वाचून आपलं दीड आण्याचं तिकीट उराशी धरू नये.

स्टॅन्ली गिबन्स या तिकीट-विक्रेत्यांचा कॅटलॉग मिळाला तर जरूर पाहा, पण त्यातला आकडा म्हणजे त्यांच्या दुकानात उत्तम प्रतीच्या तिकिटाची विक्रीची किंमत, हे विसरू नका. तुम्ही दुकानाच्या दुसऱ्या बाजूला उभे आहात. सर्वांत साध्या तिकिटापुढे जी किमान किंमत छापलेली असते ती तर बरीचशी ते शोधून, पाकिटात घालून देण्याच्या मेहनतीची असते. तिला हजारानं गुणून निघणारी रक्कम कुणी देत नाही. शिवाय आपल्याकडची दमट हवा: मागे गंजासारखे तपकिरी डाग पडलेले असतील, काठाचा एखादा दाता तुटला असेल, तर कॅटलॉगचा आकडा बाजूलाच ठेवा.

विकायला निघण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढा. टपाल खात्याचा फिलाटेली ब्युरो नवी तिकिटं विकतो, तुमची जुनी घेणार नाही. व्यापारी, फिलाटेलिक सोसायट्यांचे जुने सभासद आणि महापेक्ससारखी प्रदर्शनं हे खरे रस्ते. दोघातिघांना वेगवेगळं दाखवा. अल्बम कुणाकडे ठेवावा लागला तर यादीवर सही घ्या. ‘बाकीचं राहू द्या, ही चारच द्या’ असं कुणी म्हणालं तर त्या चारांतच सगळा भाव आहे असं समजा आणि आणखी एका जाणकाराला विचारा. खरंच मोलाचं काही निघालं तर आधी तज्ज्ञाचं प्रमाणपत्र, मग लिलाव. नकली मालाचा या छंदात सुळसुळाट आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मागणारा गिऱ्हाईक तुमचा अपमान करत नसतो.

आकडा सांगितला जाईल. बहुधा तुमच्या अंदाजापेक्षा कमी. लगेच हो किंवा नाही म्हणू नका. घरी या, तो आकडा कागदावर लिहा आणि त्याच्यासमोर बसा. समोरच्या माणसानं कागद, डिंक, दाते, डाग आणि आजची मागणी पाहिली. त्याला तेवढंच पाहायचं होतं आणि त्यानं ते प्रामाणिकपणे पाहिलं असेल. तुम्ही त्या सकाळी पाहिलंत ते त्याच्या हिशोबात नाही, आणि ते त्यानं धरावं अशी अपेक्षाही नको. मनात राग उरला असेल तर तो कुणावर आहे हे तपासा: व्यापाऱ्यावर, की ते जमवणारा माणूस असताना आपण एकदाही त्याच्याजवळ बसलो नाही यावर? दुसरं असेल, तर विकणं आठवडाभर लांबवा. कुठलाही संग्रह आठवड्यानं स्वस्त होत नाही.

व्यवहार ठरण्याआधी भावंडांना विचारा. कुणाला कर्व्यांचं तिकीट हवं असेल, कुणाला पेन्सिलीच्या अक्षराचं एक पान, कुणाला फक्त चिमटा आणि भिंग. ते आधी काढून ठेवा, विकल्यावर विचारून उपयोग नसतो. आणि पैसे आले की आकडा सगळ्यांना एकाच दिवशी कळवा, पावतीच्या फोटोसकट.