रुग्णसेवा, उपकार आणि धम्म



धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबाची परीक्षा कधी होते? वंदनेला बसल्यावर होत नाही. बावीस प्रतिज्ञा म्हणतानाही होत नाही. लेकराचे अंग तापाने फणफणते आणि गाठीला पैसा नसतो, तेव्हा ती होते. घरातली म्हातारी म्हणते, अंगारा लावा. शेजारीण म्हणते, देवीचा कोप आहे, नवस बोला. तिसरा कोणी सांगतो, मिशनचा दवाखाना आहे, औषध चांगले देतात, पण तिथे येशूची प्रार्थनाही असते. अंगारा आणि नवस आपण सोडले. मग मिशनच्या दवाखान्याचे काय? तिथे जावे की नाही? आणि तिथे लेकरू बरे झाले, तर त्या धर्माचे आपण काही देणे लागतो काय?

गेवराई तालुक्यातील तलवाड्यासारख्या गावात हा प्रश्न पुस्तकी नाही. तलवाडा हे त्वरिता देवीचे ठाणे. ज्यांनी देवीचा उंबरठा सोडला, त्यांना आजारपणात गावाची नजर सोसावी लागते. म्हणून या प्रश्नाचा विचार घरात दुखणे नसताना, शांतपणे करून ठेवला पाहिजे.

पहिले उत्तर सोपे आहे. दवाखान्यात जरूर जावे. क्विनीन ख्रिस्ती नाही आणि गुळवेल हिंदू नाही. औषध रोगावर चालते, धर्मावर चालत नाही. धम्माच्या अभिमानापोटी रोग्याला घरात ठेवणे हा धम्म नव्हे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र इतके सोपे नाही. त्यासाठी मिशनवाले आपल्या दारापर्यंत का आले आणि बाकीचे का आले नाहीत, हे आधी पाहावे लागेल.

बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनात काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकिकत नोंदवली आहे. ती १९२९ साली ‘यंग इंडिया’त छापून आली होती. शिक्षकाची बायको बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर अस्पृश्यांच्या वस्तीत यायला तयार होईना. गावच्या वजनदार माणसांनी रदबदली केली तेव्हा तो आला, पण बाळंतिणीला वस्तीबाहेर आणायला लावले. त्याने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिले, मुसलमानाने ते नवऱ्याच्या हाती दिले आणि नवऱ्याने ते बायकोला लावले. परतही ते त्याच वाटेने गेले. डॉक्टरने अंगाला हात न लावता न्यूमोनिया सांगितला. ती बाई वाचली नाही. वाचकहो, त्या डॉक्टरजवळ विद्या होती, थर्मामीटर होते, औषधही होते. त्याच्याजवळ फक्त हात नव्हता.

ज्या काळी आपल्या नाडीला हात लावायला कोणी धजत नव्हते, त्या काळी मिशनचे डॉक्टर आले. मिरजेत अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभे केले. आपल्या मराठवाड्यात जालन्याला मिशनचे हॉस्पिटल झाले. तिथे आमच्या माणसांच्या अंगाला हात लागला. हे ऋण नाकारणे म्हणजे खोटे बोलणे होय. चौथे शील आपण रोज घेतो.

पण नाण्याची दुसरी बाजूही बाबासाहेबांनीच दाखवली आहे. ख्रिस्ती मिशनांच्या कार्याची त्यांनी कसून तपासणी केली. ते लेखन त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. महाराष्ट्र शासनाने ते १९८९ मध्ये त्यांच्या इंग्रजी लेखनाच्या पाचव्या खंडात छापले. शाळा आणि दवाखाने यांचे मोल ते मान्य करतात. परंतु त्यांचा मोठा लाभ वरच्या जातींनीच उचलला आणि अस्पृश्यांतून ख्रिस्ती झालेला माणूस गरीबच राहिला, असे त्यांचे म्हणणे आहे. चर्चमध्ये जाऊनही जात सुटली नाही, हेही ते सांगतात. म्हणजे दवाखाना दु:खावर फुंकर घालतो, पण दु:खाचे मूळ, म्हणजे विषमता, जागच्या जागी राहते.

ही टीका ज्यांनी कृतीत मनावर घेतली, असे म्हणता येईल, ते दोघे ख्रिस्तीच होते. तलवाड्याहून बीड, बीडहून पाटोदा आणि पाटोद्यापुढे जामखेड. तिथे १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या पती-पत्नींनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. आधी ते वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम करीत होते. तिथे त्यांना दिसले की आज बरा करून पाठवलेला रोगी पुन्हा तेच दुखणे घेऊन दारात उभा राहतो. दूषित पाणी, उपासमार आणि अज्ञान गावातच असतात, दवाखान्यात त्यांच्यावर गोळी नसते.

म्हणून त्यांनी दवाखाना गावात नेला. शिकलेल्या नर्सेस खेड्यात राहायला तयार नव्हत्या. तेव्हा गावानेच निवडलेल्या बायांना त्यांनी आरोग्यसेविका केले. त्यांत कितीतरी जणी दलित होत्या, निरक्षर होत्या. जिच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, तीच आता गावची बाळंतपणे करू लागली, पोरांची वजने घेऊ लागली, जुलाबाने सुकलेल्या लेकराला मीठ-साखरेचे पाणी पाजायला शिकवू लागली. पाण्याच्या विंधन विहिरी दलित वस्तीत घेण्याचा आग्रह प्रकल्पाने धरला. पाणी हवे तर वस्तीत या, असा त्याचा अर्थ! चवदार तळ्याचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याची थोरवी वेगळी सांगायला नको.

१९७१ साली त्या भागात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १७६ बालके पहिल्या वाढदिवसाआधीच मरत होती. पुढच्या पंचवीस वर्षांत हे प्रमाण तिसाच्याही खाली आले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये गेले. गावोगावी २००५ नंतर ज्या ‘आशा’ ताई आल्या, त्यांच्या कामाची वाट जामखेडच्या बायांनी आधीच तुडवून ठेवली होती. आरोळ्यांनी येशूवरची श्रद्धा लपवली नाही आणि औषधासाठी कोणाला ती घ्यायलाही लावली नाही.

आता आपल्या धम्माकडे वळू. औषधासाठी धर्मांतर हा प्रश्न तथागतांसमोरही आला होता. विनयपिटकात ती कथा आहे. मगधात कुष्ठ, गंड, किलास, क्षय आणि अपस्मार हे पाच रोग पसरले होते. राजवैद्य जीवक हा बिंबिसार राजाची आणि भिक्षुसंघाची चिकित्सा करी, इतरांसाठी त्याला सवड नव्हती. तेव्हा लोकांनी युक्ती काढली. ते प्रव्रज्या घेऊ लागले. भिक्षू त्यांची सेवा करीत, जीवक औषध देई. एक जण असाच बरा झाला आणि चीवर टाकून घरी गेला. जीवकाने तथागतांच्या कानी ही गोष्ट घातली. तेव्हा तथागतांनी नियम केला की, या पाच रोगांनी ग्रासलेल्यास प्रव्रज्या देऊ नये.

विचार करा. दुसरा कोणी धर्मसंस्थापक असता तर अनुयायी वाढले म्हणून खूष झाला असता. तथागतांनी संख्या नाकारली. दुखण्याने आणलेला माणूस दुखणे गेल्यावर जाणार, आणि गेला नाही तरी त्याचे येणे समजुतीचे नसणार. नियम कठोर वाटतो. पण रोग्याला चिकित्सा हवी असते, चीवर नको असते, हे सत्य त्यामागे आहे.

त्याच ग्रंथात दुसरी कथा आहे. एक भिक्षू अतिसाराने आपल्याच मलमूत्रात पडला होता. तो इतरांच्या काही उपयोगाचा नव्हता, म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणवले, स्वत: त्याच्या अंगावर ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजवले. मग संघाला बजावले की ज्याला बुद्धाची सेवा करायची आहे त्याने रोग्याची करावी. उत्तम शुश्रूषकाचे गुणही तिथे सांगितले आहेत. त्यात एक गुण असा की, तो मैत्रीच्या चित्ताने सेवा करतो, आमिषाने नाही. धर्मांतराच्या वादात आज जो ‘आमिष’ शब्द आपण सारखा ऐकतो, तोच हा शब्द! अडीच हजार वर्षांपूर्वी तो सेवा करणाऱ्याला लावलेली कसोटी होता.

ही कसोटी सर्वांना लावा. मिशनरीने औषध देताना मनात शिरगणती धरली, तर ते आमिष. आरोळ्यांनी धरली नाही, म्हणून त्यांची सेवा निर्मळ. आणि जिथे धर्माचे नावही नाही तिथले काय? २०१९ मध्ये आपल्याच बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. कोयत्याला खाडा नको, मुकादमाचा दंड नको, या धाकाने आणि पैशाच्या लोभाने बाईच्या देहावर सुरी चालते, तेव्हा तेही आमिषच. ज्यांना मिशनच्या प्रार्थनेची भीती वाटते, त्यांनी या सुरीची अधिक भीती बाळगावी.

आता उपकाराचा प्रश्न सुटतो. ज्याने लेकरू वाचवले त्याचे आपण ऋणी आहोत. त्याच्याविषयी वाईट बोलू नये, त्याच्या प्रार्थनेची टिंगल करू नये. पण श्रद्धा ही फी नव्हे. जी पैशाने विकत घेता येत नाही, ती गोळीनेही घेता येत नाही. सेवेचे ऋण सेवेनेच फिटते, आणि ते डॉक्टरलाच परत करावे असेही नाही. पुढच्या रोग्याला केले तरी फिटते.

इथेच आपण स्वत:ला विचारले पाहिजे. आपल्या विहारात मूर्ती आहे, पंचशील ध्वज आहे, लाऊडस्पीकर आहे. तिथे औषधाची पेटी आहे काय? वस्तीतली कोणती बाई गरोदर आहे, कोणाला क्षयाचा खोकला आहे, याची नोंद कोणी ठेवतो काय? जामखेडच्या निरक्षर बायांनी जे केले ते आपल्या शिकलेल्या मुलींना जमणार नाही काय? एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ; एवढ्याने जुलाब झालेले लेकरू दवाखान्यात पोचेपर्यंत तग धरते. हे प्रत्येक घरात पाठ असावे. जुलाब देवीच्या कोपाने होत नाही, दूषित पाण्याने होतो, हे जाणणे आणि त्याप्रमाणे पाणी उकळणे, हाच चुलीपाशी उतरलेला प्रतीत्यसमुत्पाद आहे.

आणि एक ध्यानात ठेवा. विहारातली पेटी उघडाल तेव्हा रोग्याची जात विचारू नका, धर्म विचारू नका. काल ज्याने आपल्याला पाणवठ्यावर येऊ दिले नाही, त्याचेही लेकरू आजारी पडते. त्याला औषध द्या आणि बदल्यात जयभीमचीही अपेक्षा धरू नका. तो उद्या आपणहून विचारायला आला की हे तुम्हाला कोणी शिकवले, तर सांगा. तोवर आपले काम बोलू द्या.